एका शनिवार-रविवारात 151 एडिट: जुन्या उत्तरांच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रोग्रामिंगवरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं असलेल्या एका साइटवर मी काही वर्षं मॉडरेटर आहे. काम बिनपगारी, आम्ही पाच जण. या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

आधी साइटची रचना सांगतो, कारण निम्मं प्रकरण त्या रचनेतच आहे. आमच्याकडे कुणाचंही उत्तर कुणालाही सुधारता येतं. 2000 पॉइंटांच्या खालच्या सदस्याने केलेला बदल आधी तपासणीच्या रांगेत जातो आणि दोन जणांनी होकार दिला की लागू होतो. असा बदल मंजूर झाला की करणाऱ्याला 2 पॉइंट मिळतात. 2000 गाठले की रांग संपते आणि बदल थेट लागू होतो. बदल झालेला प्रश्न पहिल्या पानावर सगळ्यात वर येतो, कारण बदल चार लोकांच्या नजरेखालून जावा अशी अपेक्षा असते. प्रत्येक जुनी आवृत्ती हिस्टरीत जपलेली असते. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या मोठ्या साइटने ही पद्धत रुळवली. आमच्यासारख्या बऱ्याच साइट्सनी ती थोड्याफार फरकाने उचलली.

आमची सगळ्यात जुनी उत्तरं दहा वर्षांहून जुनी आहेत. मधल्या काळात जग पुढे गेलं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतून मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलायची जी जुनी फंक्शन्स होती, ती 2013 मध्ये आवृत्ती 5.5 ने कालबाह्य ठरवली आणि डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या 7.0 ने काढूनच टाकली. आमच्याकडची पीएचपीची जुनी उत्तरं याच फंक्शन्सनी भरलेली. शिवाय त्यातल्या पुष्कळ उत्तरांत वापरणाऱ्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, चिकटवलेला. एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे भरलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलतेच हुकूम देण्याच्या हल्ल्याला, दार सताड उघडं. लिंकांची गतही तीच. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 मधली 38 टक्के वेबपानं ऑक्टोबर 2023 पर्यंत नाहीशी झाल्याचं आढळलं होतं. आमच्या जुन्या उत्तरांतल्या चार लिंका दाबून पाहिल्या की त्या आकड्यावर विश्वास बसतो.

म्हणजे साफसफाईची गरज होती, यावर कुणाचाच वाद नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचताना एडिट करणारा खलनायक वाटू लागतो. तो तसा नव्हता.

काय घडलं

एका शनिवारी सकाळी एक सदस्य जुन्या उत्तरांच्या मागे लागला. त्याला इथे ‘संपादक’ म्हणू. त्याचे पॉइंट होते 1936. संध्याकाळपर्यंत त्याचे 32 बदल रांगेतून मंजूर झाले. बत्तीस दुणे चौसष्ट, बरोबर 2000. त्या क्षणापासून त्याच्या बदलांवर कुणाची नजर उरली नाही. रविवारी रात्रीपर्यंत त्याने आणखी 119 बदल केले, एकूण 151. थोडक्यात, आम्हीच होकार देत देत त्याला उंबरठा ओलांडून दिला, तोही एका दिवसात.

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास पहिला फ्लॅग, म्हणजे मॉडरेटरांसाठी सदस्याने केलेली तक्रार, आला. पहिलं पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत नुसते जुने प्रश्न. नव्याने विचारलेला प्रश्न काही मिनिटांत दुसऱ्या पानावर ढकलला जात होता. स्पॅम असेल असं वाटलं. नव्हतं. बदल प्रामाणिक आहेत हे दिसल्यावर आम्ही सुस्कारा सोडला आणि ‘सोमवारी बघू’ म्हणालो.

बदल नाना प्रकारचे होते. मेलेल्या लिंकांच्या जागी जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहातल्या प्रती, कोडची मांडणी, शुद्धलेखन, ‘आगाऊ धन्यवाद’ काढून टाकणं. आणि पन्नासहून जास्त उत्तरांत जुन्या फंक्शन्सचा कोड काढून तिथे पीडीओचा, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या दुसऱ्या पद्धतीचा, नवा कोड.

सोमवारी तक्रार आली की एका उत्तरातला कोड सिंटॅक्स एरर देतो. संपादकाने किती ओळी हव्यात ते सांगणाऱ्या ‘लिमिट’च्या पुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह ठेवून आकडा नंतर पुरवला होता. पीडीओ नेहमीच्या सेटिंगमध्ये असा पुरवलेला आकडा मजकूर समजून अवतरणात टाकतं, आणि अवतरणातला ‘10’ मायएसक्यूएलला लिमिटमध्ये चालत नाही. संपादकाने तासाभरात दहा ठिकाणी दुरुस्ती केली आणि माफीही मागितली. प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चाललो.

त्याच जातीची दुसरी चूक तिथेच बसून होती, आणि ती ओरडत नव्हती. 214 मतं मिळालेल्या एका उत्तरात यादी कुठल्या कॉलमनुसार लावायची हे वापरणाऱ्याने निवडायचं होतं. संपादकाने तिथेही, क्रम ठरवणाऱ्या ‘ऑर्डर बाय’पुढे, प्रश्नचिन्ह ठेवलं. पण प्रश्नचिन्हाच्या जागी मूल्य बसतं, कॉलमचं नाव बसत नाही. डेटाबेसला ‘प्राइस नावाच्या कॉलमप्रमाणे लाव’ असा हुकूम मिळायच्या ऐवजी ‘प्राइस या शब्दाप्रमाणे लाव’ असा मिळतो. शब्द प्रत्येक ओळीला तोच, त्यामुळे क्रम लागतच नाही. एररही येत नाही. चाचणीच्या छोट्या टेबलात ओळी बहुधा भरल्या त्याच क्रमाने बाहेर येतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं, लागला की क्रम.

हा त्या शनिवारचा सत्ताविसावा बदल होता. म्हणजे रांगेतून गेलेला. होकार देणाऱ्या दोघांपैकी एक मी. नोंदीप्रमाणे मी त्यावर 14 सेकंद घालवली.

ती चूक बाराव्या दिवशी सापडली, आणि सापडली तीही भलत्याच माणसाच्या खात्यावर. कुणीतरी उत्तराखाली लिहिलं, ‘तुमचं उत्तर साफ चुकीचं आहे, यादी लागतच नाही.’ पाठोपाठ चार उणे मतं पडली. मूळ लेखक चार वर्षं साइटवर फिरकला नव्हता. नोटिफिकेशन आलं म्हणून तो आला आणि आपल्या नावाखाली आपण कधीच न लिहिलेला कोड त्याला दिसला. त्याने लिहिलं, ‘हा कोड माझा नाही. मी न केलेल्या चुकीचा जाब मी का द्यायचा?’ आणि पुढच्या चाळीस मिनिटांत त्याने स्वतःची अकरा उत्तरं रिकामी केली. प्रत्येकात एकच ओळ ठेवली: लेखकाने मजकूर काढून घेतला आहे.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला आम्ही याकडे ‘एका चुकीच्या एडिटचं प्रकरण’ म्हणून पाहत होतो. चर्चेचे दोन दिवस त्यातच गेले. खरी अडचण अशी होती की उत्तराला सही असते आणि मतंही असतात, आणि कोड बदलला तरी ती दोन्ही जागच्या जागी राहतात. 214 लोकांनी मत दिलं ते जुन्या कोडला. रविवारी तिथे दुसराच कोड होता, आणि वाचणाऱ्याला तो 214 जणांनी पारखून घेतल्यासारखा दिसत होता. संपादकाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं, ते कोण वाचतो? चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरी झालेलीच नव्हती, सुळी मात्र तयार होती.

शुद्धलेखन सुधारलं, लिंक जोडली, तर सही आणि मतं टिकून राहण्यात काहीच वावगं नाही. कोडचं वागणंच बदललं की मात्र आपण दुसऱ्याच्या लेटरहेडवर लिहितो आहोत.

कोणते पर्याय होते

सगळं एकगठ्ठा रोलबॅक करावं, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत न्यावं, हा पहिला विचार. आमच्यातल्या एकाने तर यादीही काढली. पण रोलबॅक हाही एक बदलच असतो. 151 प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर आले असते, आणि ज्या पुरामुळे पहिली तक्रार आली होती तोच पूर आम्ही आणला असता. शिवाय जिवंत केलेल्या लिंका पुन्हा मारायच्या?

सापडतील तशा चुका दुरुस्त करत जावं, हा दुसरा पर्याय. एरर देणाऱ्या चुका सापडतात. न ओरडणाऱ्या चुकीने बारा दिवस घेतले होते, आणि अशा किती दडल्या आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं.

कालबाह्य उत्तरं डिलीटच करावीत असंही कुणी सुचवलं. ते फार टिकलं नाही. जुन्या सिस्टिम सांभाळणारे लोक असतात आणि त्यांना जुनंच उत्तर लागतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो त्या 214 मतांच्या उत्तरावर. संपादकाचा कोड मागे घ्यायचा म्हणजे इंजेक्शनचं भोक असलेला कोड आपल्या हाताने परत आणायचा. जुना कोड चालायचा पण धोक्याचा होता. नवा सुरक्षित होता पण चालत नव्हता. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ‘धोका परत आणणं मॉडरेटरला शोभत नाही, आपणच बरोबर कोड लिहू.’ तेही पटण्यासारखं होतं. मात्र तसं केलं असतं तर त्याच सहीखाली, त्याच मतांखाली, तिसऱ्या माणसाचा कोड गेला असता. शेवटी एका साध्या मुद्द्याने पारडं झुकलं. जुना कोड आजच्या पीएचपीवर डेटाबेसशी जोडणी करण्याच्या ओळीलाच कोसळतो, कारण ते फंक्शनच उरलेलं नाही. तो मोठ्याने पडतो, आणि पडलेला कोड कुणी न कळत लाइव्ह साइटवर चढवत नाही. नवा कोड गप्प बसून चुकत होता. या दोघांत मला पहिला परवडतो, आणि आजही माझं मत तेच आहे.

मूळ लेखकाबाबत प्रश्न वेगळा होता. त्याला स्वतःची उत्तरं काढून घेता येतात का? आमच्याकडचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए 4.0 परवान्याखाली असतो. लेखक श्रेय आणि त्याच अटी मागतो, पण एकदा दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. मे 2024 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार जाहीर केल्यावर काही सदस्यांनी निषेध म्हणून आपली उत्तरं बदलली किंवा काढली होती. तिथल्या मॉडरेटरांनी ती पूर्ववत केली आणि काहींची खाती काही दिवसांसाठी गोठवली. नियमाच्या बाजूने पाहिलं तर आमच्याकडेही तोच अधिकार होता. फरक इतकाच, की आमच्या लेखकाची तक्रार खरी होती.

संपादकाचं खातं गोठवावं का, यावर आम्ही तीन विरुद्ध दोन होतो. मी विरोधात होतो. त्याने कुठला नियम मोडला, हे विचारल्यावर कुणाला बोट ठेवता आलं नाही.

काय केलं

गुरुवारी रात्री आम्ही ती अकरा उत्तरं पूर्ववत करून लॉक केली आणि मग लेखकाला पत्र लिहिलं. लॉक आणि पत्र यांत सहा मिनिटांचं अंतर होतं. तेवढ्यात त्याने स्वतःचंच उत्तर उघडून पाहिलं आणि त्याला कुलूप दिसलं. पत्रातला ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत’ हा मजकूर त्यानंतर पोचला, आणि तो कसा वाचला गेला असेल याची कल्पना करता येते. पत्रात आम्ही त्याला तीन गोष्टी देऊ केल्या: त्याच्या सगळ्या उत्तरांतला मूळ कोड परत येईल, उणे मतांच्या काळात तिथे दुसऱ्याचा कोड होता अशी नोंद उत्तराखाली राहील, आणि हवं असेल तर कुठल्याही उत्तरावरून त्याचं नाव काढून देऊ. या शेवटच्या गोष्टीची सोय परवान्यातच आहे.

मग 151 बदल चौघांत वाटून घेतले. संपादकालाही बोलावलं. प्रत्येक बदलाला एकच प्रश्न लावला: यानंतर कोड काही वेगळं करतो का? करत असेल तर ते एडिट नाही, ते नवं उत्तर आहे. 88 बदल जसेच्या तसे राहिले. 22 अर्धे ठेवले, बहुतेक ठिकाणी लिंक ठेवून कोड मागे घेतला. 41 पूर्ण मागे घेतले. त्यातल्या काहींत संग्रहातली प्रत भलत्याच तारखेची होती. उघडली की ‘हे पान सापडत नाही’ या सूचनेचाच जपून ठेवलेला फोटो दिसायचा. ते पाहून संपादकालाही हसू आलं.

म्हणजे 63 ठिकाणी हात लावायचा होता. वर्दळ सगळ्यात कमी असते त्या वेळेला रोज सात, असे नऊ दिवस घेतले. कंटाळवाणं काम, पण पहिल्या पानाबद्दल एकही तक्रार आली नाही.

मागे घेतलेल्या उत्तरांवर वरच्या बाजूला वेगळ्या रंगात एक ओळ आली: ‘ही पद्धत पीएचपी 7.0 पासून चालत नाही. नवी पद्धत खालच्या उत्तरात आहे.’ ओळीखाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. ही ओळ उत्तराच्या मजकुरात मोडत नाही, म्हणजे लेखकाच्या तोंडी काही घातलं जात नाही.

खालचं उत्तर कोण लिहिणार? संपादक. त्याला तसं सांगितलं तेव्हा तो चिडलाच. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे: ‘दोन दिवस फुकट राबलो, ते तुम्ही पुसलंत, आणि आता तेच परत लिहायला सांगता?’ मी म्हटलं, हो, पण या वेळी तुमच्या नावाने. त्याने आठवडाभर काहीच केलं नाही. मग एकेक करत सहा उत्तरं लिहिली. ‘ऑर्डर बाय’च्या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर चांगलं आहे. चालतील त्या कॉलमांची यादी कोडमध्येच ठेवायची, वापरणाऱ्याकडून आलेलं नाव त्या यादीत असेल तरच क्वेरीत घ्यायचं, नाहीतर ठरलेला कॉलम. चुकीचा कोड का चुकत होता, हेही त्यात स्वतःहून लिहिलं आहे.

निष्पत्ती

मूळ लेखकाने पत्राला उत्तर दिलं नाही. तीन उत्तरांवरून नाव काढा, एवढी एका ओळीची विनंती पंधरा दिवसांनी आली आणि आम्ही ती त्याच दिवशी पुरी केली. बाकीची आठ त्याच्या नावाने आहेत. लॉक महिन्याभराने काढले. त्यानंतर त्याने काही रिकामं केलेलं नाही, आणि नवं काही लिहिलेलंही नाही.

जुन्या उत्तराची मतं 214 वरून उणे मतांनी 210 झाली होती. मूळ कोड परत आल्यावर चारपैकी दोघांनी उणे मत मागे घेतलं. नव्या उत्तराला आज 19 मतं आहेत. आमच्याकडे प्रश्नकर्त्याने स्वीकारलेलं उत्तर कायम सगळ्यात वर राहतं, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी दिसतं ते जुनंच. स्टॅक ओव्हरफ्लोने 2021 मध्ये स्वीकारलेल्या उत्तराचं हे वरचं स्थान काढून टाकलं. आम्ही तशी मागणी डेव्हलपरांकडे नोंदवली आहे. ती त्यांच्या यादीत आहे. यादी लांब आहे.

संपादक अजून एडिट करतो. लिंका तपासण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी रात्री नऊला फ्लॅग आला तेव्हा संपादकाला दोन ओळी लिहायला हव्या होत्या: काम चांगलं आहे, आज इथे थांबा, उद्या बोलू. तेव्हा 151 पैकी साठच बदल झाले होते. ‘सोमवारी बघू’ने पुढचे नव्वद होऊ दिले. हेतू चांगला दिसला की आपण वेग मोजायचं विसरतो, निदान मी तरी विसरलो.

पत्र आधी जायला हवं होतं, लॉक नंतर. रिकामी झालेली उत्तरं आणखी तासभर रिकामी राहिली असती तर काही बिघडत नव्हतं, हिस्टरीत सगळं सुरक्षितच होतं. घाई आमच्या मनात होती.

बदलांवर आम्ही मर्यादा घातली. सहा महिन्यांहून जुन्या पोस्टवरचे दिवसाला दहाच बदल आता होतात, पॉइंट कितीही असोत. याचा तोटाही दिसतो आहे. मेलेल्या लिंकांचं काम रखडलं आहे आणि संपादकाने त्याबद्दल दोनदा तक्रार केली आहे. फक्त लिंकेला हात लावणाऱ्या बदलांना मर्यादेतून सूट द्यावी, असा प्रस्ताव सध्या आमच्यासमोर आहे. मी बाजूने आहे. पण लिंक बदलताना सोबत कोडही बदलला तर ते ओळखायचं कसं, यावर घोडं अडलं आहे.

राहिला रांगेचा प्रश्न. त्या 32 बदलांच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा जवळजवळ सगळे होकार आम्हा तिघांचेच निघाले, आणि बहुतेक अर्ध्या मिनिटाच्या आतले. रांगेत डावीकडे जुना मजकूर आणि उजवीकडे नवा दिसतो, लाल आणि हिरव्या रंगात. उजवीकडचा कोड नीटनेटका दिसत होता, पीडीओ दिसत होतं, आणि पीडीओ म्हणजे सुरक्षित हे डोक्यात पक्कं बसलेलं. वाचलं ते तेवढंच. आता कोडमध्ये बदल असेल तर होकाराच्या बटणाआधी एक खूण करावी लागते: ‘हा कोड मी चालवून पाहिला आहे.’ खूण न करता फक्त ‘पुढे’ म्हणता येतं. गेल्या महिन्यात मी अकरा वेळा ‘पुढे’ म्हटलं.